बातमी पारखायला शिकवणारा रविवार, गिरगाव

गिरगावातल्या एका शाळेच्या पहिल्या मजल्यावर महिन्यातल्या एका रविवारी ही कार्यशाळा असते. दहा ते पाच, फी ८०० रुपये, जेवण त्यातच. पूर्वी वर्तमानपत्रात काम केलेल्या दोघी जणी ती चालवतात. मी गेलो तो या वेळचा विषय वाचून: बातमी, करमणूक आणि मत, फिलिपिन्सचं उदाहरण. चोवीस वर्षं मी जहाजावर फिटर होतो आणि बहुतेक वर्षं जेवायला शेजारी फिलिपिनोच असायचे. त्यांच्याबद्दल मुंबईत कोण काय सांगतंय, ते मला ऐकायचंच होतं.

सकाळचं सत्र पैसे वसूल करणारं. प्रत्येकाने आपल्याच फोनवर करून बघायचं. दर जुलैत हिंदमाताला पाणी भरल्याचा जो व्हिडिओ आपल्या ग्रुपवर येतो, तो किती वर्षांपूर्वीचा आहे हे फोटोवरून उलटं शोधून काढायचं. माझ्या बाजूला माझ्यासारख्याच माझगावच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांनी माझ्या आधी शोधलं. कुणी अडलं की दोघींपैकी एक जण खुर्ची ओढून शेजारी बसते. असं शिकवणं हल्ली फार कमी दिसतं.

मग फिलिपिन्स. दोघींपैकी एका मॅडमनी हा भाग घेतला. त्यांनी सुरुवात बातम्यांपासून केली नाही, दुपारच्या करमणुकीपासून केली, आणि तिथेच मला पटलं की यांनी अभ्यास केलाय. ‘ईट बुलागा’ हा कार्यक्रम १९७९ पासून दुपारी लागतो. त्यातले सूत्रधार टिटो सोट्टो १९९२ मध्ये सिनेटवर सगळ्यात जास्त मतांनी निवडून आले. सिनेमात गरिबांचा कैवारी म्हणून गाजलेले जोसेफ एस्ट्राडा १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. बाँग रेव्हिल्या हेही सिनेनट. सरकारी पैशाच्या अपहाराच्या खटल्यात चार वर्षं कोठडीत काढून डिसेंबर २०१८ मध्ये निर्दोष सुटले आणि पुढच्याच वर्षी सिनेटला उभे राहिले. त्यांची जाहिरात म्हणजे नुसता ‘बुडोट्स’ नाच. ते निवडून आले. हा नाच मी आमच्या मेसमध्ये वाढदिवसाला पाहिलाय, वायपर म्हणजे इंजिन रूममधल्या सगळ्यात खालच्या कामगारापासून सेकंड इंजिनिअरपर्यंत सगळे नाचायचे. जो माणूस रोज जेवताना समोर असतो तो घरचाच वाटू लागतो, आणि घरच्या माणसाला आपण हिशेब विचारत नाही.

इथपर्यंत उत्तम. पण पुढे मॅडमच्या तोंडून ‘तिथले लोक भोळे आहेत’ असं वाक्य आलं आणि मला बसवेना. मी उभा राहिलो आणि हे सांगितलं.

२०२२ च्या मे महिन्यात फर्डिनांड मार्कोस धाकटे तीन कोटींहून जास्त मतं घेऊन निवडून आले, तेव्हा मी जहाजावर होतो. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, बिकोल भागातला, मार्कोसविरुद्ध उभ्या असलेल्या लेनी रोब्रेडोंच्या बाजूचा. वायपर पोरगा मार्कोस घराण्याच्या इलोकोस भागातला, मार्कोसवाला. थोरल्या मार्कोसना, म्हणजे १९८६ पर्यंत हुकूमशहा असलेल्या त्यांच्या वडिलांना, एका राजघराण्याने टनांनी सोनं दिलं होतं आणि ते पुढे जनतेला वाटलं जाणार, असं वायपर मनापासून मानायचा. वेडा नव्हता तो. पंप उघडून पुन्हा बसवायला मी त्याला एकदाच दाखवलं होतं. त्याच्या आईकडे ‘लोड’, म्हणजे प्रीपेडचे पैसे, कधी असायचे कधी नसायचे. तिथे २०१३ पासून फेसबुक फुकट मिळायचं, पण बातमीची लिंक उघडायची तर पैसे पडायचे. म्हणजे मथळा फुकट आणि खालचा मजकूर विकत. मार्कोस कुटुंबाचा स्विस बँकांतला पैसा गैरमार्गाने आलेला आहे आणि तो सरकारजमा करावा, असा निकाल तिथल्या सुप्रीम कोर्टाने २००३ मध्येच दिलेला. तो तिच्यापर्यंत कसा पोहोचणार?

आमच्या जहाजाच्या इंटरनेट कार्डावरही तेच चालायचं. फोटो उघडायचे नाहीत, नुसत्या ओळी यायच्या. २०२० मध्ये कोविडमुळे क्रू बदली बंद होती तेव्हा ‘कोचीला उतरवणार’ अशी एक ओळ वाचून मी बायकोला कळवलं. तिने घर आवरलं, माझ्या आवडीचा बाजार आणून ठेवला. मला उतरायला आणखी चार महिने लागले.

आणि याच देशात फेब्रुवारी १९८६ मध्ये मनिलाचे आर्चबिशप कार्डिनल सिन यांनी चर्चच्या रेडिओ व्हेरितासवरून हाक दिली, तर थोरल्या मार्कोसविरुद्ध लाखो माणसं रणगाड्यांपुढे मनिलाच्या एड्सा रस्त्यावर उभी राहिली. २००१ मध्ये एस्ट्राडांविरुद्ध तीच माणसं एसएमएसवर जमली. भोळे कसे म्हणता?

मॅडमनी मला थांबवलं नाही, खडू हातात दिला. मग स्वतः फळ्यावर भर घातली: आपल्याकडे ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्राय या दूरसंचार नियामकाने एक साइट फुकट, दुसरी विकत असे वेगवेगळे दर बंद केले, म्हणून ते फुकट फेसबुक इथे रुजलं नाही. ‘भोळे’ हा शब्द त्यांनी सगळ्यांसमोर मागे घेतला. या एका गोष्टीसाठी मी त्यांना पूर्ण गुण देतो.

आता उणिवा. स्लाइड सगळ्या इंग्रजीत. निम्म्या वर्गाला शेजाऱ्याकडून अर्थ विचारावा लागला. स्पीकर खरखरतो. सर्वांत मोठी चूक म्हणजे ५ मे २०२० ला तिथली मोठी एबीएस-सीबीएन वाहिनी सरकारी आदेशाने बंद झाली तो भाग आणि तिथल्या पत्रकार मारिया रेसांचं २०२१ चं शांततेचं नोबेल, दोन्ही शेवटच्या दहा मिनिटांत उरकलं. बोसनच्या आईकडे डोंगरात तेवढीच वाहिनी नीट दिसायची. २०२० च्या नोव्हेंबरात, वाहिनी बंद असताना, गोनी वादळ बिकोलवर आलं तेव्हा तो आमच्या ब्रिजवरच्या हवामानाच्या नकाशावर बघून तिला सॅटेलाइट फोनवर सांगत होता, दाराला आतून काय लाव, कुठल्या बाजूला बस. त्याचा आवाज मी इंजिन कंट्रोल रूमच्या दाराशी ऐकलाय. वाहिनी बंद होणं म्हणजे काय, हे सांगायला दहा मिनिटं पुरत नाहीत. जेवणानंतर लगेच हा भाग घ्यावा.

जेवण साधं आणि गरम: पोळी, मटकीची उसळ, वरणभात, ताक. लिफ्ट नाही, जिना उंच आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी आधी फोन करावा, मग दोघी तळमजल्यावरचा वर्ग उघडून देतात. फोन पूर्ण चार्ज करून न्या. नववीच्या पुढची मुलं चालतात, त्यांना फी निम्मी. पुढच्या महिन्यासाठी मी बायकोचं आणि पुतणीचं नाव घातलंय.