अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना: कोविडकाळातला बेकारी भत्ता कितपत कामाचा होता?

नोकरी गेलेल्या विमाधारक कामगाराला काही काळ भत्ता देणारी राज्य कामगार विमा महामंडळाची (ईएसआयसी) ही योजना २०१८ ची. खरी गरज पडली ती २०२० च्या टाळेबंदीत. २४ मार्च ते ३१ डिसेंबर २०२० साठी भत्ता सरासरी रोजंदारीच्या २५ वरून ५० टक्के केला आणि नोकरी गेल्यावर ९० ऐवजी ३० दिवसांनंतरच दावा करता येऊ लागला. अर्ज मालकामार्फत न जाता थेट शाखा कार्यालयात जाऊ लागला, ही सर्वांत मोलाची सुधारणा. कामावरून काढणाऱ्याच्याच सहीसाठी खेटे घालायला लावणे अन्यायाचे होते.

रक्कम मात्र तोकडी. अंशदान म्हणजे विम्याची वर्गणी; तिचा एक कालावधी सहा महिन्यांचा. अशा चार कालावधींतल्या एकूण पगाराला ७३० ने (दोन वर्षांच्या दिवसांनी) भागायचे आणि त्याचे निम्मे. महिना १२,००० पगार असेल तर रोज सुमारे १९७ रुपये, कमाल मुदतीचे, म्हणजे ९० दिवसांचे, जेमतेम १७,७५० रुपये. तेही आयुष्यात एकदाच. अर्धवेळ कामगारही विम्यात येतो, पण भाजक ७३० च राहत असल्याने त्याच्या हाती फारच थोडे पडते.

दावा अडतो तो बहुधा ७८ दिवसांच्या अटीवर. बेकारीच्या लगेच आधीच्या कालावधीत ७८ दिवसांचे अंशदान हवे, आणि त्याआधीच्या तीनपैकी किमान एकात तेवढेच. म्हणून एबी-१ हा दाव्याचा अर्ज भरण्याआधी महामंडळाच्या पोर्टलवर अंशदानाची नोंद तपासा; आधार आणि बँक खात्यावरचे नावही जुळवून घ्या.

घरकामगार आणि रिक्षाचालक या योजनेबाहेरच राहिले. सर्वांत मोठी उणीव हीच.