इन्व्हेस्ट सॉफ्टवेअर : दुष्काळी पट्ट्यात कितपत चालतं?

स्टॅनफर्डच्या नॅचरल कॅपिटल प्रोजेक्टचं (आता नॅचरल कॅपिटल अलायन्स) 'इन्व्हेस्ट' हे पाणी, माती, कार्बन असे निसर्गाचे लाभ नकाशावर मोजणारं मोफत सॉफ्टवेअर. माण-खटावसारख्या पर्जन्यछायेत आधी वार्षिक जलउत्पन्नाचं (बाष्प होऊन उडालेलं वजा जाता उरणाऱ्या पावसाच्या पाण्याचं) मॉडेल उघडा. भू-वापराचा रास्टर (चौकटी-चौकटींचा डिजिटल नकाशा) मीटरमधल्या प्रक्षेपणात, म्हणजे पृथ्वी सपाट मांडायच्या पद्धतीत हवा, इथे यूटीएम पद्धतीतला विभाग 43 उत्तर. अक्षांश-रेखांशात दिला की गाडी तिथेच अडते. मुळांची खोली मिलिमीटरमध्ये लिहा. चुकून सेंटिमीटर भरलेत तर मॉडेल तक्रार करत नाही. मुकाट्याने मुळं दहापट उथळ धरतं आणि जलउत्पन्न फुगतं. मॉडेल झेड हा आकडाही मागतं, तो तिथल्या पावसाची तऱ्हा सांगतो. त्याचं मूल्य काढायची सोपी रीत म्हणजे वर्षात किती वेळा पाऊस पडतो ते मोजून 0.2 ने गुणायचं: 40 वेळा पाऊस, झेड 8.

खरी अडचण पुढेच आहे. हिशेब वार्षिक सरासरीचा, आणि कोरड्या भागात तर दोन-तीन मुसळधार सरींतच ओढे वाहून मोकळे होतात. भूजलाची हालचालही यात नाही. इन्व्हेस्टच्याच गाळाच्या मॉडेलमध्ये वाऱ्याची धूप धरलेली नाही, त्यामुळे थरच्या वाळवंटासाठी ते अर्धवटच. कुरण राखलं तर काय आणि नांगरलं तर काय, या तुलनेला इन्व्हेस्ट उत्तम. टँकरचं नियोजन मात्र यावर करू नका.