‘असर’चा वाचन-कागद : फुकट आहे, पण कामाचा आहे

आमच्या विटा-खानापूर भागातली कितीतरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलीत. भावाचं दुकान कोइमतूरला. त्याचा मुलगा यंदा विट्यात तिसरीला आला. मराठी घडाघडा बोलतो, पण पुस्तक उघडलं की पाणी प्यायला उठतो. वहिनीने आधी त्याला एका क्लासला घातलं. तिथे सगळ्यांना ‘अ’पासून एकाच मापाने सुरुवात, आणि फी सहामाहीची आगाऊ.

मग मी ‘असर’च्या, म्हणजे पोरांना कितपत वाचता येतं हे गावोगाव बघणाऱ्या पाहणीच्या, संकेतस्थळावरचा वाचन-चाचणीचा मराठी नमुना छापून घेतला. अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, एवढंच. गंमत अशी की सुरुवात परिच्छेदापासून करायची. जमलं तर गोष्ट, अडलं तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. शब्द किंवा अक्षरं पाचातली चार बरोबर आली तर ती पायरी पार. आमचं पोरगं शब्दांवर थांबलं. अक्षरं सगळी येत होती. ओळ आली की मात्र पहिलं अक्षर बघून उरलेला शब्द ठोकून द्यायचा, ‘बाजार’चं ‘बारा’. क्लासवाल्यांना न दिसलेलं दुखणं चहा उकळेपर्यंत कळलं!

हा कागद ‘प्रथम’ या संस्थेचा. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत सुरू केलेलं काम. २००५ पासून ‘असर’ची गावोगावची पाहणी, २००७ ला ‘रीड इंडिया’ ही वाचायला शिकवायची मोहीम. इयत्ता बाजूला ठेवून पोराला जिथवर येतं तिथून शिकवायचं, ही त्यांची पद्धत. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचणारी २७.१ टक्के निघाली. २०२२ ला २०.५ होती. वहिनीला हे दाखवलं तेव्हा तिने ‘आमच्याच पोराला कसं येत नाही’ हे पालुपद सोडलं.

उणीव सांगते. कागद मोजतो, शिकवत नाही. वाचलेलं समजलं का, हे पातळी ठरवताना धरत नाहीत. ते आपणच गप्पांतून काढायचं. शिकवायला आम्ही बाराखडीचा तक्ता आणि रोज एक गोष्ट मोठ्याने, त्याने बोट ठेवून, एवढंच करतो. आता पहिल्या अक्षरावर उडी मारणं कमी झालंय, जोडाक्षरं अजून रडवतात.

घेणाऱ्यांना एक सांगणं: नमुने एकाहून जास्त आहेत, सगळे छापा. एकच वापरलात तर पोरं पाठ करून टाकतात आणि आपण उगाच पेढे वाटतो.