रबरी टेप, साडेतीनशे रुपये, दोन पावसाळे

देवरुखजवळ आमचं कौलारू घर आहे. मागे दोन माड, एक फणस आणि मध्ये माझी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाची, चाळीस मीटर तरंगलांबीच्या बँडची अँटेना. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे घरात कुठेही तार लोंबली की ती माझीच असं सगळे धरून चालतात. बहुतेकदा ती असतेच. आज मात्र अँटेनाबद्दल नाही, तिच्या सांध्यांना गुंडाळलेल्या काळ्या रबरी टेपबद्दल लिहायचंय. सेल्फ फ्यूजिंग, सेल्फ ॲमलगमेटिंग अशी भारदस्त नावं आहेत तिला. मुंबईला गेले होते तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून आणली. दुकानदाराने आधी साधी इन्सुलेशन टेप पुढे केली. "जिला गोंदच नसतो ती," म्हटलं, तर म्हणाला, "हां, लाइनमन नेतात ती!" १९ मिलिमीटर रुंद, ९ मीटर लांब, साडेतीनशे रुपये. एवढ्याशा रोलला साडेतीनशे म्हणजे माझ्या तोंडून "अबब" निघालं होतं.

हा खर्च का करावा लागला ते आधी सांगते. २०२३ च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा इनव्हर्टेड व्ही, म्हणजे मध्य उंच आणि दोन्ही बाजू खाली उतरत्या अशी तारेची अँटेना, बांधली. १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने, माझ्या ७.१ ने, भागलं की तारेची लांबी २० मीटर १४ सेंटिमीटर येते, त्याच्या निम्मी एक बाजू. घरच्या वायरिंगची प्लॅस्टिकची तार वापरली, आणि तिच्या आवरणामुळे लांबी थोडी कमी लागते. छाटत छाटत ९ मीटर ७५ वर थांबले. फीड पॉइंटला, म्हणजे अँटेनेच्या मध्याला जिथे केबल जोडतात तिथे, कोॲक्स केबलचं टोक सोलून, जाळी एका बाजूला आणि मधली तार दुसऱ्या बाजूला डाखली, आणि वरून पारदर्शक सिलिकॉन भरभरून थापलं. किती शक्ती अँटेनेवरून परत येते ते सांगणारा एसडब्ल्यूआर (एकच्या जितका जवळ तितका बरा) बँडच्या मध्यावर १.२, दोन्ही कडांना १.८ च्या आसपास. पन्नास वॅटमध्ये सकाळच्या नेटवर, म्हणजे रेडिओवरच्या आमच्या ठरलेल्या गप्पांत, सगळे "फाइव्ह नाइन", म्हणजे स्पष्ट आणि जोरदार ऐकू येतंय, असं देत होते.

जुलैत मीटर बघितला आणि खूश झाले. कडांनासुद्धा १.३! अँटेना पावसात न्हाऊन सुधारली की काय असं वाटलं. इकडे नेटवर मात्र "बाई, तुम्ही आहात का? फार खाली येताय," सुरू झालं. शिकवणारी असूनही हे उमगायला मला आठवडा लागला. केबलमध्ये पाणी शिरलं की तीच शक्ती खाते. वर जाताना खाते, अँटेनेवरून परत येताना उरलेलीही खाते. मीटरपर्यंत परत फारसं काही पोचतच नाही, म्हणून तो खूश. चांगला एसडब्ल्यूआर म्हणजे चांगली अँटेना, असं वर्गात कुणी म्हटलं असतं तर मी त्याचा पेपर लाल केला असता.

गणपतीनंतर तार खाली घेतली. सिलिकॉनचा गोळा बोटाने ओढला तर केबलच्या पांढऱ्या पॉलिथिनपासून अलगद सुटून आला, कारण तो त्याला धरतच नाही. आत जाळी हिरवी. तेव्हा आठवलं, लावताना व्हिनेगरसारखा वास आला होता. असं सिलिकॉन वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं ना, तीच गत माझ्या तांब्याची, फक्त तीस फूट उंचीवर. आणि जाळी म्हणजे वातच झाली होती. समईतली वात तेल वर ओढते, इथे पाणी खाली आलं. केबल अर्धा अर्धा फूट कापत गेले, काळी, काळी, काळपट, आणि साडेचार फुटांवर लाल तांबं दिसलं. ज्यांना सिलिकॉनच वापरायचंय त्यांनी वास न येणारं, 'न्यूट्रल' लिहिलेलं घ्यावं. मी आता कपाट आणि बेसिनपुरतंच ठेवलंय.

मळून लावायची इपॉक्सी पुट्टी आणि ग्लू गनही वापरून पाहिली. पुट्टी दगडासारखी होते, पण माड हलतो, तार हलते, दगड हलत नाही, मग कडेला केसाएवढी फट पडते. ग्लू गनचा गोंद मे महिन्याच्या उन्हातच मऊ पडला. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

आता टेप. हिला चिकटपणा नाही, मधला प्लॅस्टिकचा पापुद्रा सोलला की नुसती रबराची पट्टी हातात येते. जोर लावून ताणायची, लांबी दुपटीहून जास्त आणि रुंदी निम्म्याला येईस्तोवर. तशीच ताणलेली गुंडाळायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवायचा. एका दिवसात सगळे वेढे एकजीव होतात. दुसऱ्या दिवशी नखाने कड शोधा, सापडणार नाही. सैल गुंडाळली तर मात्र ती नुसती रबराची चिंधी आहे. पाकिटावर यातलं एक अक्षर लिहिलेलं नाही, ही माझी पहिली तक्रार.

शेवटचा थर नेहमी खालून वर. कोकणात राहणाऱ्याला हे शिकवावं लागू नये. घर शाकारताना वळचणीपासून आढ्याकडे कौलं लावत जातो, म्हणून वरचं कौल खालच्यावर बसतं आणि पाणी घसरून पागोळ्यांना जातं. टेप वरून खाली गुंडाळलीत तर प्रत्येक वेढ्याला पाण्यासाठी एक ओंजळ तयार होते. मी आता असं करते: कनेक्टरवर आधी साध्या टेपचा एक थर, चिकट बाजू बाहेर, म्हणजे पुढे कधी उघडताना रबर कनेक्टरला धरून बसत नाही. मग रबरी टेप खालच्या केबलपासून वर, परत खाली, परत वर. त्यावर काळी पीव्हीसी टेप, कारण नुसतं रबर उन्हाने तडकतं. हिचा शेवटचा वेढा न ताणता ठेवायचा, नाहीतर आठवड्यात टोक सुटून पताकेसारखं फडफडतं.

टेपला श्रेय देताना बाकीची मांडणीही बदलली होती हे सांगायला हवं. फीड पॉइंटला प्लॅस्टिकची जंक्शन पेटी आणि कनेक्टर तिच्या बुडाला, तोंड खाली. त्यावर कापलेल्या बाटलीचं इरलं, खालून उघडं. पेटी आधी चारी बाजूंनी बंद केली होती, तर आतून घाम सुटला. दिवसा तापते, रात्री निवते, तेवढ्या श्वासात दमट हवा आत ओढते. म्हणून बुडाला चार मिलिमीटरचं भोक पाडलं. कुंभारीण माशीने पंधरा दिवसांत ते मातीने लिंपून टाकलं! आता मच्छरदाणीचा तुकडा लावलाय. केबल खिडकीतून आत येण्याआधी तिला खाली झोळ दिलाय, तिथून पाणी ठिबकतं. तारेचं एक टोक माडावर पुलीतून नेऊन खाली विटांनी भरलेला रंगाचा डबा टांगलाय, म्हणजे माड झुलला की डबा वरखाली होतो आणि तार तुटत नाही. पुली बांधायला आमचा नारळ काढणारा पाडेली चढला होता. वरून ओरडला, "बाई, ह्या तारंतनं बातम्या येतात काय?" येतात म्हटलं. वळवाच्या दिवसांत विजा सुरू झाल्या की केबल रेडिओपासून काढून खिडकीबाहेर टाकते, त्याला कुठलीच टेप उपयोगाची नाही.

२०२४ चा पावसाळा या टेपने पूर्ण काढला. दिवाळीत ब्लेडने लांबट चीर देऊन साल काढली, पिकलेल्या केळ्याची निघते तशी. आत कनेक्टर बसवला त्या दिवसासारखा चकचकीत. मी "हे" म्हणून हाक मारते त्यांना बोलावून दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, "मग ती तार जरा मागे घेता येईल का? कपडे वाळत घालायला जागा नाही."

खरी परीक्षा २०२५ ला झाली. २५ मेलाच पाऊस तळकोकणात. आगोटीची कामं अर्धवट, सुकी लाकडंही आत घ्यायची राहिली, तिथे अँटेनेला कोण विचारतो? दोन सांधे होते, पेटीखालचा आणि वळचणीजवळचा. पहिला एप्रिलमध्येच गुंडाळून झाला होता. दुसरा २७ मेला, छत्री मानेत धरून, ओल्या हातांनी गुंडाळला. नोव्हेंबरात दोन्ही उघडले. पहिला कोरडा ठणठणीत. दुसऱ्यात बाहेरचं पाणी शिरलं नव्हतं, पण मी स्वतःच आत कोंडलेला थेंब सहा महिने तिथेच होता आणि कनेक्टरच्या आट्यांवर हिरवट कळा आली होती. ही टेप पाणी बाहेर ठेवते तितक्याच इमानाने आतही ठेवते. सांधा आधी पुसून, हेअर ड्रायरने सुकवून मगच गुंडाळा.

आणखी दोन उणिवा. टेप ओझं पेलत नाही, केबलचा भार दोरीवरच हवा. आणि रोल माळ्यावर तापलेल्या कौलांखाली ठेवला, तर शेवटचे दोनेक मीटर ताठ झाले, ताणले की तुटायचे. आता धान्याच्या कोठीशेजारी, थंडाव्याला ठेवते.

एका सांध्याला साधारण पाऊण मीटर लागते, म्हणजे रोल चार-पाच वर्षं पुरायला हवा होता. माझा संपला, कारण पाडेल्याने उरलेल्यातला चांगला तुकडा विहिरीच्या पंपाच्या पाइपला मागून नेला. परवा भेटला तेव्हा विचारलं. म्हणाला, "थेंब नाय गळत. आणखी हाय काय?"

नवे रोल मागवलेत. या वेळी दोन.