पेट्रोलच्या टाकीतल्या गंजावरचं इपॉक्सी कोटिंग किट: ठाण्याच्या हवेत कसं निघालं?

जुनी बुलेट, येझदी, राजदूत सांभाळणाऱ्यांना पावसाळ्यात सगळ्यात जास्त छळते ती पेट्रोलची टाकी. ठाण्याची खाडीकाठची दमट हवा, त्यात छोट्या संग्रहालयातल्या गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या. अर्धी भरलेली टाकी रात्री थंड झाली की वरच्या पत्र्याला आतून घाम सुटतो. ते पाणी पेट्रोलच्या खाली, तळाच्या जोडात जाऊन बसतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. आताच्या इ20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे त्रासात भरच पडली आहे. गंजाची पूड कार्बोरेटरच्या पायलट जेटमध्ये, म्हणजे मंद गतीला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात अडकते, गाडी उभ्या जागी मंद चालताना (आयडलिंगला) बंद पडते आणि मेकॅनिक बिचारा कार्बोरेटरच खोलत बसतो.

यावर उपाय म्हणजे टाकीला आतून इपॉक्सीचा थर देणं. दोन डब्यांचं, म्हणजे रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर वेगळं असलेलं किट आम्ही जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेट आणि येझदीच्या टाक्यांना लावलं आहे. माल उत्तम आहे. सोबतचा सूचनांचा कागद मात्र अगदीच अपुरा, आणि कोटिंग सुटतं ते बहुतेक वेळा तयारीत कसर राहिल्यामुळे.

घेताना डब्यावर ‘नोव्होलॅक इपॉक्सी’ किंवा ‘इथेनॉलला चालेल’ असं स्पष्ट लिहिलेलं बघा. जुन्या पद्धतीचं पॉलिएस्टर लायनर (आतलं अस्तर) इथेनॉलमध्ये मऊ पडतं आणि त्याचे पापुद्रे निघून कॉकमध्ये, म्हणजे टाकीखालच्या पेट्रोलच्या नळात अडकतात. ते खरवडून काढणं गंज काढण्यापेक्षा दसपट कठीण. बुलेटच्या साधारण 14 लिटरच्या टाकीला पाव लिटर मिश्रण पुरतं.

आधी गंज. फरशी धुण्याचं ॲसिड बरेच गॅरेजवाले ओततात, ते करू देऊ नका. ते चांगला पत्राही खातं, आणि येझदीच्या टाकीच्या क्रोमवर एक थेंब सांडला तरी डाग कायमचा. त्याऐवजी लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) घ्या. जांभळी नाक्याच्या बाजारात सुटं मिळतं. एक लिटर कोमट पाण्याला 100 ग्रॅम, म्हणजे बुलेटच्या टाकीला जवळपास दीड किलो. टाकी काठोकाठ भरायची, रात्रभर ठेवायची, सकाळी टॉर्च मारून बघायचं. गंज जाड असेल तर 24 तास, त्याहून जास्त नको. पापुद्रे घट्ट असतील तर त्याआधी मूठभर छोटे नट टाकून टाकी हलवा. पण नट मोजून टाका आणि मोजूनच काढा, कारण एखादा आतल्या कोपऱ्यात हमखास लपतो.

नंतर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुऊन साध्या पाण्याने दोनदा खळबळायचं. इथून पुढे हात चालवावा लागतो. उघडा पडलेला पत्रा दमट हवेत काही मिनिटांत पुन्हा तांबूस होतो. म्हणून लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून काढून टाका आणि ब्लोअरने साधी हवा मारा. अल्कोहोलची वाफ आत असताना हीट गन अजिबात नको, भडका उडेल. टाकीत पेट्रोलचा तेलकटपणा राहिला असेल तर ॲसिटोनचा एक हात द्यावाच लागतो, नाहीतर कोटिंग धरत नाही.

रेझिन-हार्डनरचं मिश्रण ओतण्यापूर्वी कॉक काढून तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळलेला बोल्ट बसवा. तोंडाला प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावा, गाडीचं मूळ झाकण वापरू नका. झाकणातलं हवेचं भोक इपॉक्सीने बुजलं की गाडी चार-पाच किलोमीटर छान पळते आणि मग पेट्रोल उतरेनासं होऊन बंद पडते. झाकण उघडल्यावर ‘फुस्स’ आवाज आला तर दोष तिथेच.

टाकी सगळ्या बाजूंनी सावकाश फिरवा आणि उरलेलं मिश्रण पूर्ण निथळू द्या. टाकी गाडीच्या सांगाड्यावर बसावी म्हणून तिच्या पोटात जो बोगदा असतो, त्यामुळे तळाशी दोन कप्पे होतात. कॉक नसलेल्या कप्प्यात मिश्रण साचतं, वरून वाळतं, आतून कच्चं राहतं आणि पुढे तिथेच फोड येतात. पहिली पंधरा-वीस मिनिटं दर दोन मिनिटांनी बाजू बदलत राहा.

सूचनांच्या कागदावर 24 तासांत पेट्रोल भरा असं छापलंय. आमच्या मते निदान चार दिवस थांबावं. आणि हे काम पावसाळ्यात करूच नये: ओल्या हवेत इपॉक्सीवर चिकट, मेणचट थर येतो आणि तो पेट्रोलमध्ये सुटत राहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम.

टाकीला बारीक भोकं असतील तर हे किट त्यावर इलाज नाही. आधी ब्रेझिंग (पितळेचा डाग देऊन भोक बुजवणं) करून घ्या, तेही टाकीतली पेट्रोलची वाफ पूर्ण घालवल्यावर, जाणत्या माणसाकडून. आतून स्वच्छ असलेल्या टाकीला उगाच कोटिंग करू नका. महिन्यातून एकदा चालू होणाऱ्या गाडीची टाकी जूनआधी गच्च भरून कार्बोरेटरची वाटी रिकामी केली तरी भागतं. नुसती मांडून ठेवलेली गाडी असेल तर टाकी कोरडी करून 50 मिली टू-स्ट्रोक ऑइल आत फिरवा आणि झाकण लावून ठेवा.