पंपाचा स्क्रू पिळला आणि पूर्ण इंजिनाचे पैसे घेतले

लेथवाल्या काकांनी बिग एंड बेअरिंगची शेल, म्हणजे क्रँक आणि कनेक्टिंग रॉडमधली अर्धगोल चकती, उलटी करून माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "वाचा, पाठीवर काय आहे." एसटीडी, म्हणजे स्टँडर्ड, कंपनीचं मूळ माप, असा छाप होता. माझ्या खिशात त्याच इंजिनाचं बिल होतं आणि त्यावर लिहिलं होतं: क्रँक ग्राइंडिंग १० थाउ (इंचाचे दहा हजारांश), बेअरिंग सेट १० अंडरसाइज (घासलेल्या क्रँकला बसणारा). क्रँक खरंच घासून बारीक केला असता, तर त्यावर एसटीडी बेअरिंग ढिलं पडलं असतं. काकांनी मायक्रोमीटर लावला. क्रँक कंपनीच्या मापातच होता, नेहमीच्या झिजेएवढा कमी. तो ग्राइंडिंगला गेलाच नव्हता.

गाडी वडिलांची. १९९८ ची कमांडर जीप, २५२३ सीसीचं डीआय (थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं) इंजिन. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८८.९ मिमी आणि स्ट्रोक १०१.६ मिमी, म्हणजे पिस्टनची धाव बोअरपेक्षा लांब. अशी इंजिनं पळायला नसतात, ओढायला असतात. आमची जमीन कासच्या पलीकडे, बामणोलीच्या बाजूला. भाताची पोती भरून गाडी यायची तेव्हा वडील फारसा गिअर न बदलता चढ काढायचे. गेल्या दोन वर्षांत ती खेच गेली होती. सकाळी स्टार्ट व्हायला वेळ, निळा धूर, आणि यवतेश्वरच्या घाटात लोड असला की पहिला गिअर.

ओळखीतून एका गॅरेजचं नाव कळलं. मिस्त्री बोलायला गोड. "दादा, नुसतं इंजिन नाही करून देत, खालचा टॉर्क, म्हणजे कमी स्पीडची ओढ, वाढवून देतो. लायनर-पिस्टन नवीन, क्रँक ग्राइंडिंग, हेडला फेसिंग करून, म्हणजे तळ घासून, कॉम्प्रेशन वाढवू. तिसऱ्यात घाट चढाल." बहात्तर हजार ठरले, पन्नास आधी दिले. जुने पार्ट मागितले तेव्हा त्याने पोत्यातून चार झिजलेले पिस्टन काढून दाखवले. ते माझ्याच गाडीचे होते का, हे मी विचारलं नाही.

मे महिन्यात गाडी मिळाली आणि खरंच खालून उचलत होती. मी वडिलांना शेजारी बसवून घाट चढवला. ते खूश झाले. तो दिवस आठवला की आजही जास्त वाईट वाटतं.

मागे काळा धूर होता. विचारलं तर उत्तर आलं, "नवीन रिंगा आहेत, बसेपर्यंत धूर राहणार." हे वाक्य कोणी तुम्हाला ऐकवलं तर तिथेच थांबा. रिंगा बसेपर्यंत थोडं ऑइल जळू शकतं, पण त्याचा धूर निळसर असतो. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. या इंजिनाला टर्बो नाही, दर फेरीला हवा जेवढी यायची तेवढीच येते. मिस्त्रीने फक्त डिझेल पंपाचा मॅक्स फ्युएलचा, म्हणजे जास्तीत जास्त किती डिझेल जाईल हे ठरवणारा, स्क्रू पिळला होता. थोडी खेच वाढते, तीच आपल्याला 'टॉर्क' वाटते. बाकीचं डिझेल अर्धवट जळतं, एक्झॉस्ट तापतो, आणि न जळलेलं डिझेल लायनरवरचं (पिस्टन ज्या नळीत चालतो तिच्यावरचं) ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. पंपाचं सील तुटलेलं होतं. ते मी पहिल्या दिवशी बघू शकलो असतो.

जुलैत भर पावसात घाटात गेज लाल झालं, पाणी बाहेर आलं, हेड गॅस्केट गेलं. म्हणून दुसरीकडे इंजिन उघडलं. काकांनी लायनरच्या वरच्या टोकाला माझं नख फिरवायला लावलं. नखाला पायरी लागली. नव्या लायनरला पायरी नसते, शिवाय होनिंगच्या आडव्यातिडव्या रेषा दिसतात. इथे घासून आरसा झालेला, म्हणजे लायनर जुनंच होतं. बेअरिंगवर तांबं उघडं पडलं होतं. त्यावर काका म्हणाले, "पातळ ऑइलनंही असं होतं, त्यावरून भांडू नका. पण मागचा छाप झिजून बदलत नाही."

हेड फेसिंगचेही पैसे बिलात होते. डीआय इंजिनात ज्वलनाची वाटी पिस्टनच्या माथ्यात असते, हेडचा तळ सपाट. तो घासून कॉम्प्रेशन फारसं वाढत नाही, उलट वॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. नशिबाने तेही केलेलं नव्हतं.

जुन्या गाडीची खेच परत आणायची तर काम कंटाळवाणं असतं. बोअर मापात, वॉल्व्ह सीट घट्ट, नोझल टेस्ट केलेले, पंप कॅलिब्रेट करून सील केलेला, टायमिंग बरोबर. एवढं झालं की कंपनीने दिलेली ताकद परत येते. त्याच्यावर 'वाढवून देतो' म्हणणाऱ्याला काय बदलणार आणि मोजणार कसं, हे विचारा. काम सुरू करण्यापूर्वी आणि झाल्यावर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तुमच्यासमोर मोजून घ्या. क्रँकची मापं लेथवाल्याच्या हातची चिठ्ठीवर घ्या. बेअरिंग बसवण्याच्या दिवशी गॅरेजवर जाऊन पाठीवरच्या छापाचा फोटो काढा. इंजिन उघडताना समोर उभं राहून जुन्या पिस्टनवर, रॉडवर पंचने खूण करायला सांगा, म्हणजे परत दाखवलेले पार्ट आपलेच आहेत हे कळतं.

आणि बिल पक्कं घ्या. माझं लेटरहेडवरचं आहे, पण जीएसटी नंबर नाही. तरी सही आहे, आणि फोनवरून दिलेल्या पैशांच्या नोंदी आहेत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, त्यामुळे तिकडेही जातो आहे. काकांनी मापं लिहून सही करून दिलीत.

मिस्त्रीला मी बेअरिंग घेऊन भेटलो. शेल हातात घेऊन तो म्हणाला, "दादा, क्रँक चांगला निघाला, घासायची गरजच पडली नाही." मी बिलातली क्रँक ग्राइंडिंगची ओळ समोर धरली. तो गाडीखाली गेला आणि मी तिथून निघेपर्यंत बाहेर आला नाही.