सायकलने ऑफिस: शिवून घेतलेल्या पँटी, उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

खास सायकलवर ऑफिसला जाण्यासाठी म्हणून दिवाळीनंतर दोन पँटी शिवून घेतल्या. आता पावसाळाही सरत आलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही. कोथरूड ते सेनापती बापट रोड, अंतर किरकोळ पण शेवटी चढ. ऑफिसात कपडे बदलायची सोय नाही. घालून निघाले त्यातच मीटिंगला बसायचं.

सायकलिंगच्या म्हणून ऑनलाइन दिसलेल्या बऱ्या पँटी पाच-सहा हजारांच्या पुढे, त्यातही बायकांच्या मापात धड पर्याय नाहीत. जीन्समध्ये जांघेत चार शिवणी एकत्र येतात आणि ती जाड गाठ नेमकी सीटवर टेकते. सलवारीत यावर उपाय कधीचाच आहे, मियानी, म्हणजे जांघेत जोडायचा कापडाचा तुकडा. टेलरकाकांना पँटीला मियानी लावा म्हटलं तर आधी हसले, पण काम सुरेख केलं. गाठच उरली नाही, पाय मोकळा फिरतो. एवढ्या अंतराला पॅडवाली शॉर्ट्स लागत नाही, उगाच गरम होतं.

कापड लक्ष्मी रोडवरचं, ९७ टक्के कॉटन, ३ टक्के लायक्रा. शिलाई धरून एक पँट साधारण १,२०० रुपयांना पडली. पँटचं आसन (कमरेपासून जांघेपर्यंतचा भाग) मागून दीड इंच उंच ठेवायला सांगितलं, त्यामुळे पुढे वाकलं तरी कंबर उघडी पडत नाही. पायाची मोहरी निमुळती, कारण उजव्या पायाशी सायकलची चेन. शिवाय त्याच मोहरीला आतून रिफ्लेक्टिव्ह पट्टी. अंधारात दुमडायची, वर-खाली होणारा पाय मागच्या गाडीवाल्याला चटकन दिसतो. ऑफिसात मोहरी सरळ केली की कुणाला पत्ताही लागत नाही.

तक्रारी आहेतच. काळी पँट सीटच्या जागी विटली, गुडघ्याला फुगे येतात (धुतल्यावर बसतात). गरम पाणी आणि कडक इस्त्री लायक्राला मारक. चोरखिशाची चेन खालच्या दर्जाची निघाली, बदलून घ्यावी लागली. मोबाइल पुढच्या खिशात ठेवू नका, प्रत्येक पॅडलला मांडीत रुततो.

वरती कमरेखाली जेमतेम येणारे, बाजूने चिरा असलेले कुर्ते. फिकट राखाडी आणि आकाशी रंग कपाटातच बरे, घामाचा प्रत्येक डाग दाखवतात. बारीक छापाचं सुती सगळं लपवतं आणि ऑफिसला शोभतंही. पॉलिस्टर लवकर वाळतं खरं, पण दुपारपर्यंत वास धरतं. सॅक पाठीवरून काढून कॅरिअरच्या पिशवीत टाकली तेव्हा पाठीचा घाम निम्म्यावर आला. हा फरक कुठल्याही कापडाने पडला नसता. ओढणी कायम त्याच पिशवीत. चाकात अडकलेली ओढणी ही गंमत नव्हे.

पावसात मात्र या पँटी बाद. सुती कापड भिजलं की संध्याकाळपर्यंत वाळत नाही. जुलैपासून डेकॅथलॉनची ट्रेकिंगची पातळ नायलॉन पँट घालते. दिसायला सामान्य, पण झटकली की तासाभरात कोरडी. रेनसूटमध्ये चढावर आतूनच भिजायला होतं, पोंचोत हवा खेळते पण वाऱ्याने तोच तोंडावर येतो. तरी पोंचोच घेईन, पुढच्या कडेला अंगठ्यात अडकवायचे लूप असलेला.